पडला की पाडला? बास्केटबॉलमधल्या सोंगाड्यांना शिक्षा काय असावी?

बोर्डपाशी · रविवार, दुपारी ३:४०

आज सकाळी आमच्या १४ वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. कर्वे रोडच्या आतल्या अंगाला एक सिमेंटचं कोर्ट आहे, तिथे. (मी हौसेने शिकवतो, पोटाचा उद्योग वेगळा आहे.) तिसऱ्या क्वार्टरला समोरच्यांचा एक दणकट पोरगा ड्रिबल करत सुसाट आत घुसला. वाटेत आमचा सगळ्यात लहान चणीचा खेळाडू उभा. त्याला इथे बारक्या म्हणतो. धक्का लागायच्या आधीच बारक्याने मान मागे टाकली, "आई गं" म्हणून टाहो फोडला आणि पाठीवर हातभर घसरत गेला. शिट्टी. चार्ज, म्हणजे बॉलवाल्याने पाय रोवून उभ्या डिफेंडरला धडक दिल्याचा फाऊल. बॉल आमचा. आमच्या बाकावरून टाळ्या, पालकांतूनही. बारक्या उठला, कोपर सोलवटून रक्त आलेलं, आणि माझ्याकडे बघून त्याने चक्क डोळा मारला.

टाइमआउटला कोपरावर पाणी ओतता ओतता विचारलं, हे कुठे शिकलास? "मोबाईलवर, सर. स्लो मोशनमध्ये दाखवतात."

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी: याला फ्लॉप म्हणतात. इथे फ्लॉप म्हणजे पडलेला सिनेमा नव्हे, पडलेला माणूस. धक्का लागलाच नाही किंवा जेमतेम लागला, तरी ट्रकखाली आल्यासारखं कोसळायचं आणि रेफरीकडून फाऊल उकळायचा.

एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, यावर पहिल्यांदा २०१२-१३ च्या सीझनमध्ये दंड आणला. मॅच झाल्यावर ऑफिसात बसून व्हिडिओ बघायचे. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्यांदा ५,००० डॉलर, मग १०,०००, १५,०००, ३०,०००. पहिला दंड बसला ब्रुकलिन नेट्सच्या रेजी इव्हान्सला. त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये लेब्रॉन जेम्स, लान्स स्टीव्हनसन आणि डेव्हिड वेस्ट या तिघांना एकाच मॅचसाठी प्रत्येकी ५,००० चा फटका बसला. मॅचचा निकाल अर्थातच जागचा हलला नाही. २०२३-२४ पासून मात्र मॅच चालू असतानाच शिक्षा होते: फ्लॉप पकडला की टेक्निकल फाऊल (धक्क्याचा नव्हे, वागणुकीचा), समोरच्या टीमला १ फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचा एका गुणाचा शॉट), आणि वर २,००० डॉलर.

मला हे पुचाट वाटतं. माझं म्हणणं, २ फ्री थ्रो आणि वर बॉलही समोरच्यांना द्या, आणि सीझनमध्ये तिसऱ्यांदा सापडला तर पुढची मॅच घरी बसवा. तुम्हाला काय वाटतं?

शंकासुर · दुपारी ४:०५

तुमच्या पोराने सोंग केलं, बॉल तुम्हाला मिळाला, टाळ्या तुमच्या बाकाने वाजवल्या आणि शिक्षा एनबीएला? झकास. रेफरीला जाऊन सांगितलंत का, की साहेब तो खोटा पडला?

बोर्डपाशी · दुपारी ४:११

नाही सांगितलं. म्हणून तर धागा काढलाय.

रात्रपाळी · दुपारी ४:५०

कंपनीच्या कृपेने माझी झोपेची वेळ अमेरिकेची असल्याने एनबीए लाइव्ह बघणाऱ्या मोजक्या पुणेकरांत मी आहे. पहाटे साडेपाचला पहिली मॅच, मग कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा-क्रीमरोल, मग झोप.

आधी दंडाचं बघू. लेब्रॉनचा त्या वर्षीचा पगार साधारण १ कोटी ७५ लाख डॉलर. त्यातले ५,०००. म्हणजे महिना ५० हजार कमावणाऱ्याला वर्षभराच्या कमाईतून १७० रुपये. लक्ष्मी रोडवर गाडी उचलली तर याहून जास्त जातात आणि तरी लोक तिथेच लावतात.

आता १ फ्री थ्रोचा हिशोब. टेक्निकलचा फ्री थ्रो टीममधला सगळ्यात चांगला नेमबाज मारतो, म्हणजे तो ०.९ गुणांचा धरा. उलट फ्लॉप खपला तर समोरच्यांचा चालू हल्लाच रद्द होतो, आणि एनबीएत एका हल्ल्याची सरासरी किंमत एक गुणापेक्षा थोडी जास्त असते. शिवाय त्यांच्या खेळाडूच्या खात्यात एक फाऊल चढतो. थोडक्यात, फ्लॉप जितक्या वेळा खपतो निदान तितक्या वेळा तरी पकडला गेला पाहिजे, तेव्हा कुठे तो घाट्याचा धंदा होईल. तितका तो पकडला जात नाही. सीझनच्या सुरुवातीला दोन-चार शिट्ट्या वाजतात, मग सगळं थंड.

अवांतर: २०१३ मध्ये डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन यांनी तिथल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीला १ लाख डॉलरच्या वर रक्कम दिली होती. अभ्यास कशाचा, तर माणूस खरोखर किती धक्क्याने पडतो याचा!

आट्यापाट्या · संध्याकाळी ६:३०

मी जुना माणूस, बास्केटबॉल नातवामुळे बघतो. आम्ही शनिवार पेठेत कबड्डी खेळलो. आमच्यात चढाई करणारा खोटी हूल देतो, पाय टाकल्यासारखं करतो, मध्यरेषेकडे वळल्याचं दाखवतो आणि झपकन मागे हात मारतो. सगळी फसवणूकच. पण ती समोरच्या गड्याची. त्याने फसायचं की नाही, ते त्याच्या हातात असतं. पंचाला फसवणं ही निराळी गोष्ट. त्याची तुमच्याशी स्पर्धाच नसते. आमच्या वेळी नुसता नखाचा स्पर्श झाला तरी गडी स्वतः हात वर करून बाहेर जायचा. सगळे जायचे असं म्हणत नाही, पण जो जायचा नाही त्याला संध्याकाळी कट्ट्यावर ऐकून घ्यावं लागायचं.

शंकासुर · संध्याकाळी ६:५२

काका, हा फरक ऐकायला छान आहे, पण क्रिकेटने तो उलटा केलाय. २०१७ पासून नियम ४१.५: हातात बॉल नसताना फील्डरने फेकल्याचं सोंग करून बॅट्समनला मुद्दाम फसवलं की ५ धावांचा दंड. तिथे समोरच्या गड्याला दिलेली हूल गुन्हा ठरते. आणि बॅटची कड लागलेली स्वतःला चांगली ठाऊक असताना पंचाकडे साळसूद तोंडाने बघत उभं राहणं? त्याला काहीही शिक्षा नाही. ऑस्ट्रेलियात लाबुशेन त्या ४१.५ मध्ये सगळ्यात पहिला सापडला होता.

आट्यापाट्या · संध्याकाळी ७:२०

बिनतोड. चहा पिऊन विचार करतो.

कोथरूडचा_हत्ती · रात्री ८:१५

अखेर कोणीतरी हा विषय काढला. मी ६ फूट ३ इंच, वजन विचारू नका. बास्केटखाली पाठ करून उभा राहतो. आयुष्यभर माझ्या पाठीमागे बारके-बारके लोक हवेत उडालेत. मी नुसता खांदा वळवला की हा पडला! आणि शिट्टी माझ्यावर, कारण मी मोठा. एनबीएतल्या धिप्पाड शकील ओनीलचं दुःख मला कळतं. समोरच्या टीमचा सेंटर (बास्केटखालचा खेळाडू) व्लादे दिवाच त्याच्यापुढे वाऱ्याने पडायचा. बरं, दिवाच काही काडीपैलवान नव्हता, ७ फूट १ इंच उंच!

गंमत सांगतो. ऑक्टोबर २०१९ ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले, तेव्हा आम्ही तिघे पुण्याहून पहाटे गाडी काढून दुसऱ्या मॅचला गेलो होतो. पेसर्सनी १३०-१०६ ने मारली. त्या वेळी किंग्जचा जनरल मॅनेजर कोण? साक्षात दिवाच. आणि त्याच वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेलेला. पडून पडून माणूस कुठे पोचतो बघा.

रात्रपाळी · रात्री ८:४०

हत्तीभाऊ, हे मात्र अति होतंय. दिवाचइतका चांगला पास देणारे सेंटर त्या काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. १९९६ मध्ये लेकर्सनी त्याला शार्लटला दिला आणि बदल्यात नुकताच ड्राफ्ट झालेला (नव्या पोरांच्या निवडीत घेतलेला) कोबी ब्रायंट, पुढचा महान खेळाडू, घेतला, इतकं त्याचं मोल होतं. पडायचा, कबूल. पण पडण्यासाठी कोणी हॉल ऑफ फेममध्ये नेत नाही.

कोथरूडचा_हत्ती · रात्री ८:४४

माझ्या पाठीमागे पडणाऱ्या प्रत्येकाने आधी कोबीइतका मोलाचा होऊन दाखवावं, मग बघू.

साडेपाचफुटी · रात्री ९:३०

सगळे उंच आणि मोठे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलते.

मी पाच वर्षं कॉलेज आणि क्लबकडून गार्ड म्हणून खेळले. उंची आयडीत आहे. पहिली दोन वर्षं मी कधीही पडले नाही, बाबांनी तसंच शिकवलं होतं. बॉल घेऊन आत जायचे तेव्हा कोणी जर्सी धरायचं, कोणी कंबरेत कोपर घालायचं. एकदा लेअपला, म्हणजे बास्केटपाशी उडी मारून बॉल टाकताना, मनगटावर असा फटका बसला की दोन दिवस मला पोळी लाटता आली नाही. पण मी पायांवर उभी राहायचे, बॉल बोर्डवर जायचा, शिट्टी नाही. मी रेफरीला विचारलं तर उत्तर आलं, "तू शॉट पूर्ण केलास की." म्हणजे मी तग धरला म्हणून मला मारलंच नाही!

तिसऱ्या वर्षी नवीन कोच आल्या. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "तोंड दिलंय ना देवाने, वापर." मग मी हातावर फटका बसला की ओरडायला शिकले. मान झटकायला शिकले. फ्री थ्रो दुप्पट झाले, शप्पथ. एकही फाऊल खोटा नव्हता, सगळे खरेच लागलेले होते. फक्त आधी ते दिसत नव्हते.

आता सांगा, मी फ्लॉपर का? एनबीएच्या नियमात तर धक्का खरा असला तरी त्यावर वाढवून केलेलं नाटकही पकडता येतं. न लागता पडणारा आणि लागलं म्हणून ओरडणारी, दोघांना एकच १ फ्री थ्रो?

बोर्डपाशी · रात्री ९:४८

साडेपाचफुटी, हे वाचून गप्प झालो. बारक्या तुमच्यापेक्षाही फूटभर कमी आहे.

पंचमहाभूत · रात्री ११:०५

दिवसभर शिट्टी वाजवून आत्ता घरी आलो, म्हणून उशीर. गेली १२ वर्षं स्थानिक आणि आंतरजिल्हा मॅचेसना रेफरी आहे. (बोर्डपाशी, आजच्या तुमच्या मॅचला मी नव्हतो, हे आधी सांगून टाकतो.)

पहिली गोष्ट, आपल्याकडे एनबीएचे नियम चालत नाहीत, फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, चालतात. फिबात सोंगाला आधी ताकीद. खेळ न थांबवता कोपरापासूनचा हात वरून खाली दोनदा हलवायचा, ही खूण. मग खेळ थांबला की खेळाडूला आणि कोचला सांगायचं. ताकीद एकाला मिळाली तरी ती अख्ख्या टीमला लागू होते. पुढे त्या टीममधल्या कोणीही केलं की थेट टेक्निकल. आणि हा टेक्निकल खेळाडूच्या पाच फाऊलांत मोजला जातो, दोन झाले तर तो बाहेर. एनबीएत फ्लॉपचा टेक्निकल सहा फाऊलांत धरत नाहीत आणि त्यावरून कोणाला बाहेरही काढत नाहीत. म्हणजे बोर्डपाशींना हवी तशी कडक शिक्षा आपल्या कागदावर आधीपासून आहे. पुण्यात गेल्या वर्षभरात ती किती वेळा दिलेली पाहिलीत?

का देत नाही ते सांगतो. चार्ज (चूक बॉलवाल्याची) की ब्लॉक (चूक डिफेंडरची) हे ठरवायला मला एका क्षणात तीन गोष्टी बघाव्या लागतात: डिफेंडर समोर तोंड करून दोन्ही पाय टेकवून आधी उभा राहिला होता का, धडक छातीवर बसली की खांद्यावर, आणि बॉलवाला हवेत कधी गेला. मी बघत असतो डिफेंडरच्या पायांकडे आणि धडाकडे. सोंग असतं मानेत आणि आवाजात. एनबीएत तिघे रेफरी, वर डझनभर कॅमेरे. आम्ही दोघे, त्यातला एक बऱ्याचदा नवशिका, आणि टेबलावरचा मुलगा शॉट क्लॉक विसरलेला. धक्का लागलाच नाही असं छातीठोक म्हणता आलं तरच मी सोंगाचा टेक्निकल देऊ शकतो. खऱ्या लागलेल्या पोराला मी सोंगाड्या ठरवलं तर ते त्याला दहा वर्षं आठवतं.

म्हणून मी काय करतो? शिट्टी वाजवतच नाही. पडलास? पड. खेळ चालू. समोरचे पाच विरुद्ध चार खेळतात आणि दोन गुण घेऊन जातात. त्याचा कोच आपोआप ओरडतो, "ऊठ रे!" त्या ओरडण्याइतका वचक माझ्या टेक्निकलला कधी आलेला नाही.

साडेपाचफुटी, तुमच्या मनगटाबद्दल: ती चूक आमचीच. आम्ही पडण्याला शिट्टी देतो आणि टिकण्याला देत नाही.

रात्रपाळी · रात्री ११:३२

पंच, +१००. माझ्या हिशोबातली हीच बाजू राहिली होती. फ्लॉपची खरी किंमत फ्री थ्रोत नाही, नो-कॉलमध्ये, म्हणजे शिट्टीच न वाजण्यात, आहे. पडलेला डिफेंडर उठेपर्यंत समोर मोकळा लेअप असतो.

याचा पुरावाही आहे. २०२१-२२ ला एनबीएने रेफरींना सांगितलं की शॉट मारताना मुद्दाम डिफेंडरच्या अंगावर झेपावणं, पाय बाजूला फेकणं, त्याच्या हातात हात अडकवणं, याला फाऊल द्यायचा नाही. दंड-बिंड काही नाही, नुसती शिट्टी बंद. जेम्स हार्डन आणि ट्रे यंग यांचा यावरच हातखंडा. सीझनच्या पहिल्या काही आठवड्यांत हार्डनचे फ्री थ्रो धाडकन खाली आले. त्याच्या आधी वर्षानुवर्षं कॉमेंटेटर नाक मुरडत होते, त्याने ढिम्म फरक पडला नव्हता.

अर्थात लोक नवीन वाटा काढतातच. २०२५ च्या प्लेऑफमध्ये शे गिल्जस-अलेक्झांडरला मिनेसोटाचं पब्लिक "फ्री थ्रो मर्चंट" म्हणून ओरडत होतं. आपल्या भाषेत, फ्री थ्रोंचा व्यापारी. गडी सीझनचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) झाला आणि चॅम्पियनही.

शंकासुर · सोमवार, सकाळी ८:१०

म्हणजे निष्कर्ष काय, रेफरीने डोळेझाक करावी? फुटबॉलमध्ये १९९९ पासून खोटं पडल्याला यलो कार्ड आहे. २००२ च्या वर्ल्ड कपला रिवाल्डोच्या पायाला बॉल लागला आणि त्याने चेहरा धरून लोळण घेतली. समोरच्या तुर्की खेळाडूला रेड कार्ड, रिवाल्डोला नंतर दंड, आणि ब्राझीलने कप नेला. नो-कॉल तेव्हाच चालतो जेव्हा रेफरी फसत नाही. फसला तर?

पंचमहाभूत · सकाळी ८:५५

फसला तर फसला. मी फसतो. आठवड्यातून एकदा तरी. घरी येऊन बायकोला सांगतो, ती म्हणते जेवून घ्या.

पण व्हिडिओ असेल तिथे नंतर बघून पुढच्या मॅचवर बंदी घालावी, यात बोर्डपाशींशी सहमत. पैसे नकोत, मॅच घ्या. फक्त न लागता पडणाऱ्याला. लागून ओरडणाऱ्याला नव्हे.

आट्यापाट्या · सकाळी ९:४०

चहा झाला, विचारही झाला. शंकासुर, तुमचा क्रिकेटचा नियम मला पटलेला नाही. मुकाट राहणं आणि सोंग करणं यात फरक आहे. बॅट्समन नुसता उभा असतो, तो "लागली नाही" म्हणून गडाबडा लोळत नाही. बोर्डपाशी, त्या पोराशी बोललात का? एनबीएचं एनबीए बघेल.

बोर्डपाशी · पुढचा रविवार, दुपारी २:१५

उशिराबद्दल क्षमस्व. काका, बोललो नाही, पण मंगळवारच्या प्रॅक्टिसला एक नियम केला. चार्ज घ्यायला शिकवतोच, तो चांगला डिफेन्स आहे: पाय रोवायचे, हात छातीशी, हनुवटी आत, आणि खरंच लागलं तर बुडावर बसून मागे जायचं, कोपरं टेकायची नाहीत. पण न लागता पडला तर मी शिट्टी वाजवणार नाही आणि पडलेल्याने समोरच्यांचा बॉल आत जाईपर्यंत उठायचं नाही. तसंच झोपून राहायचं. पहिल्या दिवशी बारक्या चारदा आडवा. त्याच्याच टीमचे त्याला शिव्या घालायला लागले. गुरुवारी एकदाच. शनिवारी एकदाही नाही.

आज मॅच. चौथ्या क्वार्टरला, शेवटचा दीड मिनिट राहिलेला, आम्ही दोन गुणांनी मागे. समोरच्यांचा सेंटर आत घुसला. बारक्या वेळेत पोचला, पाय रोवले, हात छातीशी. धडक बरोब्बर छातीवर बसली, मला बाकावर आवाज आला. बारक्या दोन पावलं मागे हेलपाटला आणि उभा राहिला. पडलाच नाही. सेंटरचा शॉट चुकला, बॉल बाहेर गेला तोही त्यांच्याकडेच. शिट्टी नाही.

रेफरी चांगला माणूस आहे, ओळखीचा आहे. त्याच्या जागेवरून मध्ये दुसऱ्या खेळाडूची पाठ येत होती, हे मला दिसत होतं.

मॅच संपल्यावर बारक्या बाटली तोंडाला लावत शेजारी येऊन बसला. छाती चोळत होता. म्हणाला, "सर, पडलो असतो तर मिळाला असता ना?"

मी म्हटलं, "मिळाला असता."

त्याने मान हलवली आणि उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

साडेपाचफुटी · दुपारी २:३०

त्याला सांगा, लागलं की ओरडायचं. पडायचं नाही, पण ओरडायचं. माझ्या नावाने सांगा.

शंकासुर · दुपारी २:४१

आणि मॅच?

बोर्डपाशी · दुपारी २:४३

३१-२९. त्यांनी.